रूलबुकात आपलं कोण ऐकतंय

टेबलटॉप वॉरगेम, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक किंवा पुठ्ठ्याचे तुकडे मांडून फाशांनी लढायच्या लढाया, खेळणारी माणसं गेम जितका वेळ खेळतात त्याच्या दुप्पट वेळ तो गेम कसा असायला हवा होता यावर बोलतात. तक्रार नाहीये ही, मीपण त्यातलाच आहे. गेम संपतो, फासे डबीत जातात, रंगवलेले सैनिक एकेक करून फोममध्ये झोपवले जातात आणि मग खरा विषय निघतो, की हा तोफखाना एवढ्या कमी पॉइंट्समध्ये (आर्मी उभी करताना प्रत्येक तुकडीला मोजायची किंमत) मिळतोच कसा, घोडदळाला जंगलातून जाताना एवढी सूट कशाला, आणि ज्याने हा नियम लिहिला त्याने तो स्वतः एकदा तरी खेळून बघितलाय का. हा शेवटचा प्रश्न ठरलेला. कुठलाही गेम असो, कुठलीही कंपनी असो, हा प्रश्न येतोच येतो.

बाकीच्या खेळांत हे एवढं दिसत नाही. बुद्धिबळ खेळणारा कधी म्हणत नाही की उंट जरा जास्तच ताकदवान झालाय, त्याला नर्फ करा, म्हणजे कमजोर करा. व्हिडिओ गेमवाले ओरडतात, भरपूर ओरडतात, पण तिथे नियम चालवायचं काम मशीन करतं. भिंतीतून गोळी जात नाही म्हणजे नाही, विषय संपला. आमच्याकडे नियम चालतो तो दोन माणसांच्या डोक्यात. पुस्तकात लिहिलेलं वाक्य वाचायचं, टेबलावर समोर काय पडलंय ते बघायचं आणि दोघांनी मिळून ठरवायचं की हे वाक्य इथे लागू होतं का. म्हणजे प्रत्येक गेममध्ये, इच्छा असो वा नसो, तुम्ही थोडे न्यायाधीश असताच. आणि एकदा माणूस न्यायाधीश झाला की त्याला कायदाच चुकीचा आहे असं वाटायला फार वेळ लागत नाही.

शिवाय पैसा आणि हात दोन्ही अडकलेले असतात. एक आर्मी म्हणजे नुसती खरेदी नसते, स्प्रूमधून (तुकडे जिला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीतून) तुकडे कापा, चिकटवा, प्रायमर मारा, डोळ्यांचे ठिपके काढताना श्वास रोखून बसा, असे आठवडेच्या आठवडे जातात. मग नवीन एडिशन येते आणि ज्या युनिटवर तुम्ही सगळ्यात जास्त जीव लावलाय ते युनिट एका ओळीत निकामी होतं. तेव्हा माणूस जे बोलतो ते ग्राहक म्हणून बोलत नाही, घर बांधलेल्या माणसासारखं बोलतो.

नजरेचा वाद घ्या, म्हणजे लाइन ऑफ साइटचा. माझ्या मते सगळ्या वॉरगेमरांच्या भांडणांचा हा मूळपुरुष आहे. माझा टँक एका पडक्या इमारतीमागे उभा आहे, समोरचा म्हणतो दिसतोय. कुठे दिसतोय? तर खिडकीतून, अँटेनाचं टोक. मग दोघं टेबलाच्या कडेला गुडघे टेकून एक डोळा मिटून बसतात, कोणीतरी लेझर पॉइंटर काढतो, आणि बाजूच्या टेबलावरचे दोघं आपला गेम सोडून येऊन आपापलं मत देतात. नियमाची अक्षरं म्हणतात मॉडेलचा कुठलाही भाग दिसला तरी चालेल. नियमाचा हेतू उघडच असा नसणार की अँटेनामुळे टँक मरावा. अक्षर की हेतू हा झगडा इथे रोज होतो. बऱ्याच रूलबुकांत यावर तोडगा म्हणून छापलेलंच असतं की जमत नसेल तर फासा टाका आणि पुढे चला. म्हणजे लिहिणाऱ्यालाही माहीत आहे की आपलं वाक्य कुठेतरी तोंडावर पडणार, आणि तेव्हा निकाल आपण देणार नाही, टेबलवरची दोन माणसं देतील. हा छोटासा परिच्छेद मला सगळ्या पुस्तकात सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

यातलं नवीन काही नाही. आधुनिक वॉरगेमचा इतिहास सांगताना लोक प्रशियापासून सुरुवात करतात आणि ते बरोबरच आहे. १८२४ मध्ये धाकट्या राइसविट्झने, जो सैन्यातला एक तरुण अधिकारी होता, आपल्या वडिलांच्या खेळावर काम करून क्रीगश्पीलचे, म्हणजे जर्मनमध्ये युद्धाच्या खेळाचे, नियम छापले. १:८००० चा नकाशा, एका फेरीत दोन मिनिटांचा काळ, नुकसान काढायला फासे आणि तक्ते, आणि सगळं चालवायला एक अंपायर. जनरल स्टाफचा प्रमुख म्युफलिंग आधी थंडपणे बघत होता, खेळ पुढे सरकला तसा तो खूश झाला आणि त्याने सैन्याला त्याची शिफारस केली. इथवरची गोष्ट सगळ्यांना आवडते. मला त्यापुढची जास्त आवडते. पुढच्या पन्नासएक वर्षांत अधिकारी हाच गेम खेळून खेळून वैतागले. तक्ते फार, हिशोब फार, अंपायरला नियम पाठ करण्यातच दम लागायचा. १८७३ मध्ये मेकेल नावाच्या अधिकाऱ्याने यावर लिहिलं, की नियम इतके कडक आहेत की अंपायरला स्वतःची अक्कल वापरायला जागाच राहत नाही. आणि १८७६ मध्ये व्हेर्डी दु व्हेर्नुआ या दुसऱ्या अधिकाऱ्याने सरळ तक्ते आणि फासे बाजूला ठेवले, अनुभवी अंपायर म्हणेल तो निकाल.

म्हणजे बघा, खेळणाऱ्यांनी नियमाविरुद्ध केलेलं बंड दीडशे वर्षं जुनं आहे, आणि त्यातले दोन पक्ष अजूनही तेच आहेत. एकाला प्रत्येक गोष्टीला नियम हवा, दुसरा म्हणतो नियम कमी करा आणि समजूतदार माणूस बसवा. आज जो म्हणतो की ही जागा नीट लिहून द्या आणि जो म्हणतो की अरे समजून घे ना, ते दोघं राइसविट्झ आणि व्हेर्डीचेच नातू. तोडगा तेव्हाही निघाला नव्हता. फरक इतकाच की तेव्हा तक्रार करणारे आणि नियम लिहिणारे एकाच मेसमध्ये जेवत होते. मधे एक कंपनी उभी राहिली ती नंतर.

कंपनी आली की टपाल आलं. चार्ल्स रॉबर्ट्सने १९५० च्या दशकात ज्या प्रकारचे बोर्डवरचे वॉरगेम बाजारात आणले, नकाशा, पुठ्ठ्याचे काउंटर, आणि लढाईचा निकाल सांगणारा तक्ता, त्यातून ॲव्हलॉन हिल ही कंपनी उभी राहिली. खेळणारे नियमांबद्दल शंका पत्रातून विचारायचे, सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचे. प्रश्न शक्यतो हो किंवा नाही असं उत्तर देता येईल असाच लिहायचा. १९६४ पासून त्यांचं द जनरल नावाचं मासिकही निघायला लागलं. मला त्या हो-नाही मागची शिस्त फार आवडते. तुम्हाला तुमच्या रागाचं रूपांतर एका प्रश्नात करावं लागतं. तुमचा गेम भिकार आहे याला हो किंवा नाही असं उत्तर नसतं (म्हणजे असतं, पण कोणी पाठवणार नाही).

त्या काळचा निकालाचा तक्ता जरा जवळून बघण्यासारखा आहे. हल्ला करणाऱ्याची ताकद भागिले बचाव करणाऱ्याची ताकद, अपूर्णांक आला तर तो बचाव करणाऱ्याच्या फायद्याने खाली. १२ विरुद्ध ४ म्हणजे ३ ला १. ११ विरुद्ध ४ म्हणजे मात्र २ ला १, पावणेतीन वगैरे काही नाही. आणि २ ला १ मध्ये फासा वाईट पडला तर आपलीच वाट लागू शकते, ३ ला १ वर बऱ्यापैकी निर्धास्त. मग खेळणारे काय करणार? सगळा गेम बोटांवर मोजत बसणार की तो एक जास्तीचा पॉइंट कुठून आणू. नेपोलियनपासून कोणी सेनापती युद्धात असा बसला नसेल. आता हा दोष डिझायनरला आपल्या टेबलवर बसून दिसेलच असं नाही, कारण तो आणि त्याचे मित्र गेम ज्या भावनेने बनवला त्याच भावनेने खेळतात. तो दिसायला जिंकायला हपापलेली, एकमेकांना न ओळखणारी हजारो माणसं लागतात. डिझायनर कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे एवढे हात नसतात, आणि फॅनचं ऐकायचं ते मुख्यतः यासाठी.

पण ऐकायचं म्हणजे नक्की काय ऐकायचं, इथे घोळ सुरू होतो.

एसपीआय या वॉरगेम काढणाऱ्या अमेरिकेतल्या कंपनीने यावर मोठाच प्रयोग केला. १९६९ पासून जिम डनिगनच्या हातात आलेल्या स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स मासिकात प्रत्येक अंकाबरोबर एक गेम यायचा आणि एक फीडबॅक कार्डही. लेख कसा वाटला, गेम कसा वाटला, पुढे कुठल्या विषयावर गेम हवा, प्रत्येकाला १ ते ९ मध्ये मार्क द्या आणि कार्ड परत पाठवा. पुढचे गेम ठरवताना ही मार्कं खरोखर वापरली जायची. खेळणाऱ्यांना इतक्या उघडपणे कारखान्याच्या आत घेतलेलं त्याआधीचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. पण नीट बघितलं तर मत विचारलं जात होतं ते विषयाबद्दल आणि आवडीबद्दल. आवडलं का, घेशील का. अमुक नियम अमुक परिस्थितीत मोडतो का हे १ ते ९ मध्ये सांगता येत नाही.

त्याच कंपनीने १९७९ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेवर रिचर्ड बर्गचा तो सुप्रसिद्ध अवाढव्य गेम काढला, ज्यात इटालियन तुकड्यांना पास्ता शिजवायला जादा पाणी लागतं असा नियम आहे. हा नियम माहीत असलेली माणसं तो गेम पूर्ण खेळलेल्या माणसांपेक्षा कितीतरी पट जास्त असतील. तपशील द्या, अजून तपशील द्या, ही आम्हा लोकांची जुनी मागणी, आणि ती कोणी शेवटपर्यंत पूर्ण केली तर काय होतं ते त्या खोक्यात बघायला मिळतं. मागितलेलं आणि खेळलं जाणारं यात अंतर असतं. फॅनला विचारलं तर तो सांगेल मला रसद हवी, हवामान हवं, प्रत्येक बटालियनचं मनोधैर्य वेगळं हवं. आणि संध्याकाळी खेळायला घेईल तो तीन तासांत संपणारा गेम.

दुसरा प्रकार म्हणजे नुसतं +१ मागणं. माझे सैनिक फार लवकर मरतात, त्यांच्या सेव्हला, म्हणजे मार बसल्यावर वाचण्यासाठी टाकायच्या फाशाला, +१ द्या, एवढंच तर मागतोय. एवढंच? समजा ३६ मार बसलेत. सेव्ह ५+ असेल (५ किंवा ६ पडला तर वाचला) तर २४ जण जातात, ४+ केली तर १८. चौथा हिस्सा वाचला, ठीक आहे. आता तेच +१ ज्याची सेव्ह आधीच ३+ आहे त्याला द्या. १२ मरणारे ६ वर आले, म्हणजे ते युनिट एका फटक्यात दुप्पट टणक झालं. मागणी तीच, शब्द तेच, किंमत पार वेगळी. सहा बाजूंच्या फाशाचं हे दुखणं आहे, त्यावर जागाच कमी, प्रत्येक पायरी उंच आणि वर जाल तशी जास्तच उंच. त्यामुळे खेळणारा जेव्हा म्हणतो इथे दुखतंय तेव्हा मी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो, आणि तो जेव्हा औषधाचं नाव सांगतो तेव्हा कागद-पेन्सिल घेतो. स्वतःच्या बाबतीतही हाच हिशोब. माझ्या लाडक्या युनिटबद्दल माझं मत कोणी विचारू नये, मी खोटं बोलेन आणि मला कळणारपण नाही.

मग ऐकायची चांगली पद्धत कुठली? मला सगळ्यात हुशार वाटतो तो लिलाव. ट्वायलाइट स्ट्रगल हा शीतयुद्धावरचा गेम २००५ मध्ये आला, दोन खेळाडू, एक अमेरिका एक सोव्हिएत. लोक मुरले तसं अनुभवी खेळाडूंचं मत पडायला लागलं की सोव्हिएत बाजू जड आहे. आता इथे दहा वर्षं ओरडत बसता आलं असतं की डिझायनर लोकहो दुरुस्त करा. स्पर्धावाल्यांनी सोपं केलं. सोव्हिएत हवंय ना, मग सांग समोरच्याला सुरुवातीला किती इन्फ्लुएन्स पॉइंट (देशांवरच्या प्रभावाचे) जादा देतोस. बोली लावा. गेममधला असमतोल नेमका किती हे कोणा एकाच्या मताने ठरलंच नाही, ज्यांना जिंकायचंय त्यांनी स्वतःच्या खिशातून किंमत लावली आणि अमेरिकेला २ जादा ही किंमत बऱ्याच ठिकाणी रूढ झाली. नियमाच्या एका अक्षराला हात न लावता. असं काही बघितलं की वाटतं की डिझाइन करणारी माणसं फक्त खोक्यावर नाव असलेलीच नसतात.

मिनिएचर गेममध्ये, म्हणजे रंगवलेल्या छोट्या सैनिकांच्या गेममध्ये, हे जड जातं कारण बाजू दोन नसतात, वीस-पंचवीस असतात आणि प्रत्येकाची लिस्ट, म्हणजे निवडलेल्या तुकड्यांची यादी, वेगळी. तिथे प्लेटेस्ट लागतं आणि प्लेटेस्ट म्हणजे शुद्ध हमाली. तोच गेम, तीच आर्मी, तोच सिनारिओ, एक आकडा बदलून पुन्हा. मजा तिसऱ्या वेळी संपते. वॉरमशीन या अशाच एका गेमच्या प्रकाशकांनी दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी २००९ मध्ये नियम छापायच्या आधीच लोकांसमोर चाचणीसाठी उघडे ठेवले, आणि २०१७ पासून तर नवीन मॉडेलचे नियम घडवतानाच खेळणाऱ्यांना आत घेणारी सीआयडी (कम्युनिटी इंटिग्रेटेड डेव्हलपमेंट) नावाची व्यवस्था चालवली. त्यात भर यावर होता की प्रत्यक्ष खेळून आलेलं सांगा, डोक्यात खेळलेलं नको. मला वाटतं सगळी मेख इथेच आहे. मत सगळ्यांकडे असतं. कुठल्या टर्नला, कुठल्या टेरेनवर, काय टाकल्यावर काय झालं याची नोंद किती जणांकडे असते?

ब्लड बोलचं उदाहरण मी नेहमी देतो आणि ऐकणारे नेहमी कंटाळतात, तरी देतो. १९८६ चा गेम, ऑर्क आणि एल्फ एकमेकांना तुडवत बॉल पळवतात, गेम्स वर्कशॉपचा. पुढे कंपनीचं लक्ष मोठ्या गेमांकडे गेलं आणि हा बाजूला पडला. पण मूळ डिझायनर जर्व्हिस जॉन्सनने खेळणाऱ्यांतल्या काही जणांना घेऊन एक नियम समिती बसवली आणि लिव्हिंग रूलबुक निघायला लागलं, म्हणजे दर काही काळाने सुधारून येणारं पुस्तक. समितीतल्या लोकांनी लीगचे निकाल गोळा केले, एकेका स्किलची किंमत तपासली, एकेका शब्दावर डोकं फोडलं. २००९ च्या आसपास ते काम एका मुक्कामाला पोचलं आणि नंतर कंपनीने जवळजवळ हात काढून घेतला. गेम मेला का? अजिबात नाही. खेळाडूंच्याच संघटनेने टूर्नामेंट चालू ठेवल्या, त्याच नियमांवर, जगभर. २०१६ मध्ये कंपनीने नवीन खोक्यात गेम परत आणला तेव्हा आत जे नियम होते ते मोठ्या प्रमाणात त्याच समितीच्या कामावर उभे होते. कोणी मोर्चा काढला नव्हता. कंटाळवाणं काम करणारी माणसं टिकून राहिली एवढंच.

एज ऑफ सिग्मारच्या वेळी उलट्या टोकाने हेच झालं. २०१५ मध्ये गेम्स वर्कशॉपने आपल्या वॉरहॅमर या गेमचं जुनं फँटसी जग बंद करून हा नवीन गेम आणला, नियम फक्त चार पानांचे, पॉइंट्स नाहीतच, आणि काही युनिटना तर असे नियम की समोरच्यापेक्षा तुमची दाढी मोठी असेल तर फासा पुन्हा टाका. ज्यांनी वर्षानुवर्षं रेजिमेंट रंगवल्या त्यांचा संताप मी समजू शकतो, काहींनी आपल्या आर्मी जाळल्यासुद्धा, ते मात्र नाही समजू शकत. पण आरडाओरड चालू असतानाच दुसरीकडे काही टूर्नामेंटवाले गपचूप बसून स्वतःच्या पॉइंटच्या याद्या करत होते, या युनिटला इतके, त्याला तितके, खेळून बघा, बदला. आणि युरोपातल्या जुन्या खेळाडूंचा एक गट नाइन्थ एज नावाने जुन्या धर्तीचा आख्खा गेमच नव्याने लिहायला बसला. २०१६ मध्ये कंपनीने जनरल्स हँडबुक काढलं, त्यात पॉइंट्स होते. आणि २०२४ मध्ये जुनं जगही ओल्ड वर्ल्ड या नावाने परत आलं. रागामुळे झालं असं म्हणणारे आहेत, विक्रीमुळे झालं म्हणणारे त्याहून जास्त आहेत, दोन्ही थोडंथोडं खरं असेल. माझ्या डोळ्यांना मात्र त्या याद्या दिसतात. पॉइंट्सशिवाय चालणार नाही हे ओरडून सांगणं वेगळं आणि हे घ्या पॉइंट्स, चालतात, लोक खेळतायत हे दाखवणं वेगळं.

लाइन ऑफ साइटचंही असंच. त्या खिडक्या-अँटेनाच्या भांडणाला कंटाळून वॉरहॅमर फोर्टी थाउजंडच्या (त्याच कंपनीचा दूरच्या भविष्यातल्या युद्धांचा गेम) अमेरिकेतल्या टूर्नामेंटवाल्यांनी आपला नियम केला की पडक्या इमारतीचा तळमजला बंद धरायचा, खिडक्या असोत नसोत. साधा, थोडा अवास्तव, पण कोणाला गुडघ्यावर बसावं लागत नाही. काही वर्षं तो फक्त हाउस रूल, म्हणजे खेळणाऱ्यांनी आपापसात ठरवलेला नियम, होता. २०२० च्या नवव्या एडिशनमध्ये कंपनीनेच इमारतींना नजर अडवणारा अधिकृत गुणधर्म दिला. नेमकं कोणाकडून काय घेतलं हे कंपन्या सांगत नाहीत, पण आमच्यातल्या कोणाला आश्चर्य वाटलं नाही.

इथवर वाचून वाटेल की मी हमाली करणाऱ्यांचा भक्त आहे. आहेच. पण त्यातच एक गोष्ट मला खुपते आणि ती कोणी फार बोलत नाही. हमाली कोण करतं? ज्याला वीकेंडला आठ-आठ गेम खेळता येतात तो. ज्याला आकडेमोडीत मजा येते तो. म्हणजे टूर्नामेंटवाला. आणि मग गेम हळूहळू त्याच्या मापाचा होत जातो. आता तर मोजमापही ठरलेलं आहे, प्रत्येक आर्मीचा विन रेट (जिंकण्याचं प्रमाण) ४५ ते ५५ टक्क्यांत आला म्हणजे समतोल साधला. ४० टक्केवाल्याचे पॉइंट्स स्वस्त करा, ६० वाल्याला महाग करा, दर तीन महिन्यांनी परत. ऐकायला एकदम शास्त्रीय. पण आकडे येतात कुठून, तर टूर्नामेंटमधून. तिथे कसलेले खेळाडू दर हंगामात जी आर्मी जोरात आहे तिकडे उडी मारतात आणि तिचा रेट अजून वर जातो. आणि घरी जेवणाच्या टेबलावर महिन्यातून एकदा खेळणारा, ज्याला एकच आर्मी आहे, जी त्याने बारा वर्षांपूर्वी आवडली म्हणून घेतली आणि अजून रंगवतोच आहे, तो या टक्क्यांत कुठेच नाही. त्याला समतोल नको असतो असं नाही. त्याला हवं असतं की हरला तरी त्याच्या सेनापतीने काहीतरी लक्षात राहण्यासारखं केलं पाहिजे. याची नोंद कुठल्या रकान्यात करणार?

आमच्या ग्रुपमध्ये असा एक मित्र आहे. त्याला फीडबॅकचा फॉर्म भर म्हणून किती वेळा सांगितलं, तो म्हणतो, "मी काय लिहू, माझा ड्रॅगन तिसऱ्या टर्नला मेला पण मजा आली?" मी म्हटलं हेच लिही. तो म्हणाला, "याने पॉइंट्स कमी होणारेत का?" नाही होणार, हे खरंच. पण असं लिहिणारे जास्त असते तर गेल्या काही एडिशनमध्ये प्रत्येक युनिटचे गमतीदार, वेडेवाकडे नियम घासून घासून एकसारखे केले गेले ते इतक्या सहज झालं नसतं असं मला वाटतं. ज्याची तक्रार मोजता येते त्याचंच ऐकलं जातं, आणि मजा मोजता येत नाही.

ऐतिहासिक गेमवाल्यांचं अजून वेगळंच. तिथला फॅन समतोल मागतच नाही, तो सत्य मागतो. अमुक रेजिमेंट त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत मैदानावर पोचलीच नव्हती, तुमचा सेटअप चूक आहे, हे घ्या तेव्हाचे रिपोर्ट. डिझायनरला अशा माणसाची भीतीही वाटते आणि गरजही असते. दुसऱ्या महायुद्धावरच्या ॲडव्हान्स्ड स्क्वाड लीडर या गेमचं रूलबुक १९८५ पासून रिंग बाइंडरमध्ये आहे, म्हणजे दुरुस्तीची पानं आली की जुनं पान काढा, नवीन घाला. गेम छापतानाच कबूल केलेलं की हे संपलेलं नाही. १९९८ मध्ये ॲव्हलॉन हिल विकली गेली आणि पुढे तो गेम ज्या छोट्या कंपनीने लायसन्स घेऊन जगवला ती मुळात तो खेळणाऱ्या लोकांचीच होती. बाइंडर अजून चालू आहे.

आणि कंपनीने गेम बंदच केला तर? एक्स-विंगचं, म्हणजे स्टार वॉर्समधल्या लढाऊ यानांच्या गेमचं, ताजं आहे. २०१२ ला आला, धो धो चालला, २०१८ ला दुसरी एडिशन, मग गेम दुसऱ्या स्टुडिओकडे गेला, २०२२ ला नियमांत मोठे बदल झाले आणि खेळणारे दुभंगले. एका गटाने बदलांआधीचे नियम धरून स्वतःचे पॉइंट्स चालू ठेवले. २०२४ मध्ये कंपनीने सांगितलं की आता नवीन काही येणार नाही. त्यानंतर दुसऱ्या गटाचा सांभाळही खेळाडूंकडेच आला. म्हणजे ज्यांना कालपर्यंत वाटत होतं की आपलं कोणी ऐकत नाही त्यांच्या हातात सगळ्या किल्ल्या. आणि लगेच त्यांच्या नावाने ओरडणारे नवीन लोक तयार, की या समितीने स्वतः कधी खेळून बघितलंय का. मी म्हटलं ना, हा प्रश्न ठरलेला.

खरं तर सगळ्यात मोठा अधिकार आपल्याकडे पहिल्यापासून आहेच, नवीन पुस्तक न घेण्याचा. वॉरहॅमरची १९८७ ची तिसरी एडिशन आजही आवडीने खेळणारे लोक आहेत, जुनी शिशाची मॉडेल शोधून शोधून. त्यांना कुठलंही अपडेट लागू होत नाही. त्याची किंमत अशी की खेळायला नवीन माणूस मिळत नाही, आणि दुसऱ्या गावच्या टूर्नामेंटला जाता येत नाही. नव्याबरोबर जा म्हणजे माणसं मिळतात पण नियम बदलत राहतात, जुन्यात राहा म्हणजे नियम तुमचे पण माणसं तीच चार. मध्ये तिसरं काही मला अजून सापडलेलं नाही.

आमच्याकडे सध्या हाच विषय पेटलाय. पुढच्या एडिशनला जायचं की आहे त्यातच आपले हाउस रूल घालून राहायचं. मतदान घ्यायचं ठरलं. आता ज्यांनी वर्षभरात एकही गेम खेळलेला नाही त्यांना मत द्यायचं का, आणि ज्याच्याकडे तीन आर्मी आहेत त्याला तीन मतं का नकोत, यावरून गेले दोन रविवार फासेच बाहेर निघालेले नाहीत.